अंगणातली तार

बहिणीचं लग्न ठरलं आणि अंगणाखालची तार घरात सगळ्यांना एकदम आठवली. मंडपवाला पहार घेऊन येणार. पहार मारणाऱ्याला खाली काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं. दोन फूट खड्डा, त्यात वासा, की पुढचा खड्डा. आमच्या घरातून बोअरच्या मोटारीला, गोठ्याला आणि गेटावरच्या दिव्याला गेलेली तार त्याच अंगणातनं जाते, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक. नेमकी कुठनं जाते तेही प्रत्येकाला पक्कं ठाऊक, फक्त प्रत्येकाची जागा वेगळी.

"तुळशीकट्ट्यापासनं सरळ गेटाला," तात्या म्हणाले.

"सरळ कुठली? तवा हितं शेणाचा ढीग होता. वळसा घालून नेल्यात," आजी म्हणाली.

ज्यांनी उभं राहून तार पुरून घेतली ते थोरले काका आता नाहीत. ज्यानं पुरली तो वायरमन आमच्या बेळगावातल्या येळ्ळूर रस्त्यावरच्या निम्म्या पोरांसारखा गोव्यात. त्याला फोन लावला. "सोप्पं हाय की ओ," तो म्हणाला, "आंब्यापासनं दोन हात, विहिरीच्या अंगाला." आंबा कधीच पडलाय. विहीर बुजवून तिच्यावर आम्ही न्हाणीघर बांधलंय. हे सांगितल्यावर तो जरा गप्प झाला आणि म्हणाला, "मग अवघड हाय."

नियम बघायला गेलं तर अवघड काहीच नाही. ११०० व्होल्टांपर्यंतची केबल किमान ७५ सेंटिमीटर खोल टाकायची, खाली-वर वाळू घालायची, वर विटा मांडायच्या, म्हणजे पुढे खणणाऱ्याला आधी वीट लागते आणि तो थांबतो. आमच्या अंगणात खुरप्यानं उकरताना वीट लागली. आम्ही थांबलो. मोठ्या आशेनं ती उचलली, तर खाली दुसरी वीट, तिच्याखाली चुलीची राख. जुनी न्हाणी होती ती.

सरकारनं यावर ॲप काढलंय. 'कॉल बिफोर यू डिग', २२ मार्च २०२३ ला सुरू झालं. खणायच्या आधी कळवायचं, म्हणजे ज्यांच्या केबली-पाईप त्या जागेखाली असतील त्यांना निरोप जातो. ते रस्ते खणणाऱ्यांसाठी. आमच्या काकांनी शेणाच्या ढिगाला घातलेला वळसा त्यात कुठला असायला? मावसभाऊ अमेरिकेत असतो, त्यानं तिथल्या गमजा सांगितल्या. ८११ ला फोन करायचा, माणसं फुकट येऊन जमिनीवर रंग मारून जातात. विजेला लाल, पाण्याला निळा, गॅसला पिवळा. "आणि मीटरच्या पुढं, घराच्या अंगणातली?" मी विचारलं. "ती आपली आपण शोधायची," तो म्हणाला. हे ऐकून तात्यांना फार बरं वाटलं.

मग मी टेस्टर आणला, तारेला न लावता नुसता जवळ नेला तरी टीं-टीं करणारा. भिंतीतल्या तारेवर तो छान ओरडतो. मातीतल्या तारेवर एक चकार शब्द नाही. अंगणभर वाकून फिरलो, तो एकदाच वाजला, तेही ओट्याच्या भिंतीजवळ. तिथली तार सगळ्यांना डोळ्यांनी दिसते.

खरा कामाला आला आजीचा ट्रान्झिस्टर. गेटावर स्वस्तातला एलईडी बल्ब आहे. त्याच्या पोटातली खरखर तारेवरनं मागं पळते आणि मीडियम वेव्हला ऐकू येते. काटा धारवाड आणि सांगलीच्या मध्ये ठेवला, ट्रान्झिस्टर जमिनीला टेकवला आणि बेतानं पावलं टाकली. एका जागी घर्रर्र. डावीकडं गेलं की कमी, उजवीकडं गेलं की कमी. तार कन्नडही बोलत नव्हती आणि मराठीही, त्यामुळे घरात त्यावरनं वाद झाला नाही.

"काय करूलास रे, अंगणात बातम्या ऐकत फिरूलास?" कुंपणापलीकडनं अण्णांनी विचारलं.

घर्रर्रच्या मागं मागं फक्की टाकत गेलो. तुळशीकट्ट्यापर्यंत रेघ झकास आली आणि तिथं आवाज एकदम मेला. तात्यांना तेव्हा आठवलं, "होय की, हितनं पुढं लोखंडी पाईपातनं नेल्यात." हे आधी का नाही सांगितलं, तर कुणी विचारलं नव्हतं. त्याच रात्री वळीव झोडपून गेला आणि सकाळी अंगण स्वच्छ.

शेवटी केबल टाकायच्या कामावर असलेला एक मित्र आपलं यंत्र घेऊन आला. मेन बंद केला, फ्यूजचे कटआऊट काढून स्वतःच्या खिशात घातले (मेन बंद आहे या आमच्या शब्दावर त्याचा विश्वास नव्हता, आणि आमचं घर बघता ते बरोबरच होतं), एक चिमटा तारेला लावला, दुसरा जमिनीत रोवलेल्या सळईला, आणि हातातला दांडा झुलवत निघाला. यंत्र तारेत आपला सूर सोडतं आणि दांडा तो वरनं ऐकतो. पाईपाच्या भागातही त्याला बारीक का होईना, सूर लागला. वळसा निघाला, आजी जिंकली. खोली किती, तर कुठं वीतभर, कुठं तेवढीही नाही.

"ईएलसीबी कुठाय तुमचा?" त्यानं बोर्ड बघून विचारलं. ३० मिलीअँपिअर गळती झाली की वीज तोडतो तो. तात्या म्हणाले, "पावसाळ्यात सारखा पडायचा. काढून ठेवलाय फडताळात." मित्रानं आधी तात्यांकडं बघितलं, मग अंगणाकडं, मग पायातली चप्पल नीट घातली. गोठ्याकडच्या जोडाला पाणी लागत होतं. तो बिचारा ईएलसीबी इतकी वर्षं तेच सांगत होता.

आता फक्की नको म्हणून खुंट्या मारल्या, वर लाल चिंध्या बांधल्या. तासाभरात अण्णा दारात. हातात प्लास्टिकच्या पिशवीत उतारा.

"सर्वे आणलास ते सांगितलं नाहीस. खरं आमचा दगड हितं हाय बघ, आज्ज्यानं रोवलेला."

आमच्या भागात जमिनीवर रेघ दिसली की माणूस आधी कागद काढतो. १९५६ ला राज्यांची सीमा आखली, तेव्हापासूनची सवय आहे. अण्णांना चहा पाजून, यंत्र दाखवून, वीतभर उकरून काळी केबल दाखवली तेव्हा ते शांत झाले. तरी जाताना दगडावर पाय आपटून गेले.

आणि मग मंडपवाला आला. खुंट्या बघून म्हणाला, "हे कशाला? आता खड्डे कोण काढूलंय? पाईपाचा मंडप, बुडाला लोखंडी ताटल्या. नुसता ठेवायचा."

घरात कुणी कुणाकडं बघेना. आजी तेवढी उठली. "मुहूर्तमेढ काय ताटलीवर ठेवणार? तिला खड्डा पाहिजेच." जागाही तिनंच दाखवली, तात्यांच्या लग्नात रोवली होती तीच. बरोब्बर दोन लाल चिंध्यांच्या मध्ये.

भटजींनी तोडगा काढला: तेलाचा रिकामा डबा, त्यात वाळू, वाळूत मेढ. फ्लॅटवाल्यांना ते असंच सांगतात म्हणे. आजीनं डब्यावरचं चित्र भिंतीकडं फिरवून घेतलं.

संध्याकाळी मंडपवाल्याचा पोरगा माळांची वायर सोडत होता. "काका, पाव्हण्यांच्या पायात येईल. जरा चर मारून मातीखाली घालू काय?"

तात्या, आजी, मी आणि कुंपणापलीकडनं अण्णा, सगळे एकदम ओरडलो, "नको!"