सगळ्या त्रुटी एकदाच सांगायला काय जातं तुमचं?

दोन गुंठ्यांचा प्लॉट. वडिलांच्या ग्रॅच्युइटीतून घेतलेला, रीतसर एनए म्हणजे बिगरशेती, सातबाऱ्यावर नाव. त्यावर तळमजला आणि वर एक मजला, एवढंच बांधायचंय. मॉल नाही, मंगल कार्यालय नाही. आठ महिने झाले, नगररचना विभागातून परवानगी निघत नाहीये.

फेब्रुवारीत फाईल दाखल केली. सातबारा, सनद, झोन दाखला, भाग नकाशा, मोजणीच्या नकाशाची क प्रत, आर्किटेक्टच्या सहीचे नकाशे, छाननी शुल्काचं चलन, सगळं जोडून. महिन्यानं पहिली त्रुटी आली: क प्रत जुनी आहे, नवी मोजणी करून आणा. भूमापक येऊन नवी प्रत हातात पडेपर्यंत अडीच महिने गेले. मग दुसरी: पोचरस्त्याची रुंदी नकाशात दाखवा. दाखवली. आणि आता गेल्या मंगळवारी तिसरी: समोरचं सामासिक अंतर, म्हणजे घरापुढे सोडायची मोकळी जागा, वीस सेंटिमीटर कमी पडतंय.

अहो, घराचा नकाशा तोच आहे ना! ते अंतर फेब्रुवारीतही तेवढंच होतं. तेव्हा का नाही मोजलं? त्याच दिवशी सांगितलं असतं तर आर्किटेक्टनं संध्याकाळपर्यंत भिंत आत घेऊन नकाशा परत दिला असता. मला नियम मोडायचा नाहीये. पुढे मोकळी जागा सोडलीच पाहिजे, उजेड-वारा मलाच हवाय. माझं भांडण आहे ते एक फाईल तीनदा उघडून दर वेळी एकच पान वाचण्याशी.

यामागचं गणित मला आत्ता कळलं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966, कलम 45, पोटकलम 5. साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानायचं. वाचून बरं वाटलं होतं. पण पुढे लिहिलंय, अर्ज मिळाल्यापासून साठ दिवस किंवा मागवलेल्या माहितीचं उत्तर मिळाल्यापासून साठ दिवस, यातलं जे नंतरचं असेल ते. म्हणजे एक त्रुटी काढली की मोजणी पुन्हा एकपासून सुरू! आणि समजा उद्या ते साठ दिवस उलटले, तरी त्या मानीव परवानगीवर घर बांधायची हिंमत कोण करेल? प्रस्ताव नियमात बसत नाही म्हटलं की ती गेली, वर बेकायदा बांधकाम पाडा म्हणून कलम 53 ची नोटीस. बँक तर शिक्का मारलेला नकाशा बघितल्याशिवाय कर्जाचा पहिला हप्तासुद्धा सोडत नाही.

त्यातून या त्रुटी लेखी देत नाहीत. खिडकीवर तोंडी सांगतात. मी लेखी मागितलं तर उत्तर मिळालं, "ताई, लेखीला अजून वेळ लागेल. त्यापेक्षा साहेबांना एकदा भेटून घ्या." भेटून घ्या म्हणजे काय ते या राज्यात लहान पोरालाही कळतं. मी भेटणार नाही. एक रुपया देणार नाही.

आमच्यामागच्या गल्लीत एकानं परवानगीची वाटच पाहिली नाही. सरळ बांधलं, कित्येक वर्षं राहतोय. त्याच्यासाठी गुंठेवारीचा, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेल्या प्लॉटांचा, 2001 चा कायदा आहे, 2021 मध्ये त्याची मर्यादा 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना वाढवून दिली. दंड भरा, नियमित करून घ्या. त्या माणसाचा मला राग नाही, गरिबानं करायचं काय? पण जो आधी अर्ज करतो, चलन भरतो, रांगेत उभा राहतो, त्यानं भाड्याच्या खोलीत किती वर्षं काढायची? वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. रोज संध्याकाळी मी दारात आले की विचारतात, "झालं का गं?"

उद्या परत जातेय. पत्र लिहिलंय: माझ्या प्रस्तावातल्या असतील नसतील त्या सगळ्या त्रुटी एकत्र, लेखी, सहीनिशी द्या. दोन प्रती काढल्यात. एकीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मिळेपर्यंत खिडकीसमोरून हलणार नाही.