अठरा पेग, ३३६ खळ्या आणि चंद्रावरचा फटका

गोल्फ खेळणाऱ्या माणसाच्या फोनवर हा मेसेज कधी ना कधी येतोच. वर ‘तुम्हाला हे माहीत आहे का?’ आणि खाली मुद्दे. व्हिस्कीच्या बाटलीत अठरा पेग बसतात, म्हणून गोल्फला अठरा होल. प्रत्येक बॉलवर नियमानुसार बरोब्बर ३३६ खळ्या असतात आणि त्या पकड मिळावी म्हणून पाडलेल्या असतात. चंद्रावर खेळला गेलेला एकमेव खेळ म्हणजे गोल्फ, आणि तिथे मारलेला बॉल मैलोन्‌मैल गेला. बायकांना पूर्वी या खेळात मज्जावच होता. वेज या जवळच्या फटक्यांच्या काठीवरच्या खाचा बॉलला धरून उलटा फिरवतात. आणि सगळ्यात शेवटी, नव्या ड्रायव्हरने, म्हणजे सर्वांत लांब मारायच्या काठीने, वीस यार्ड सहज वाढतात.

यातला एकही मुद्दा धड नाही. काही साफ खोटे, काही अर्धे खरे. थापांचं मला फारसं वावडं नाही, एकोणिसाव्या होलवर, म्हणजे खेळानंतरच्या बारमध्ये, त्याशिवाय गप्पा रंगत नाहीत. पण खरी हकीकत थापेपेक्षा सुरस असताना लोक थापच पुढे ढकलतात, याचा मात्र वैताग येतो.

आधी पेगचा हिशोब. गोष्ट अशी सांगतात की १८५८ साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला सभा भरली, होल किती असावेत यावर वाद झाला, तेव्हा एक म्हातारा सभासद म्हणाला, दर होलला एक पेग घेतला तर बाटली अठराव्याला संपते, तेव्हा तिथेच थांबू या. आता ७५० मिलीच्या बाटलीचे अठरा भाग करून बघा. एकेक भाग साधारण ४२ मिलीचा येतो, आणि पेगचं असं माप ना ब्रिटनमध्ये आहे ना अमेरिकेत. ब्रिटनमध्ये पेग २५ किंवा ३५ मिलीचा आणि बाटली ७०० मिलीची, म्हणजे अठ्ठावीस होल तरी हवेत नाहीतर वीस. अमेरिकेतला पेग दीड औंसाचा, सुमारे ४४ मिलीचा, तिथे बाटली सतराव्या होलवरच रिकामी होते. शिवाय ७५० मिलीची ठरीव बाटली ही आजची गोष्ट, १८५८च्या म्हाताऱ्याकडे ती असायचं कारण नाही.

मुळात अठराचा आकडा त्या सभेच्या ९४ वर्षं आधीचा आहे. सेंट अँड्र्यूजला पूर्वी २२ होलांची फेरी असे. समुद्रकाठच्या चिंचोळ्या पट्ट्यातून खेळत टोकापर्यंत जायचं आणि त्याच वाटेने, बहुतेक त्याच होलांत बॉल घालत, परत यायचं. १७६४ साली तिथल्या खेळाडूंना सुरुवातीचे चार होल फारच आखूड वाटले, म्हणून त्यांनी चाराचे दोन केले. जाताना दोन कमी झाले, तेच होल येताना खेळायचे म्हणून येतानाही दोन कमी झाले. बाविसातून चार गेले, अठरा उरले. १८५८ साली क्लबने एवढंच लिहून ठेवलं की फेरी म्हणजे अठरा होल.

याचा पुरावा आजही त्या मैदानावर पडलेला आहे. ओल्ड कोर्सवर सात ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) दुहेरी आहेत: एकाच प्रचंड हिरवळीवर दोन झेंडे, एक जाणाऱ्यांचा, एक परतणाऱ्यांचा. दुसऱ्याची जोडी सोळाव्याशी, तिसऱ्याची पंधराव्याशी, चौथ्याची चौदाव्याशी, आठव्याची दहाव्यापर्यंत तसंच. प्रत्येक जोडीची बेरीज अठरा. पहिला, नववा, सतरावा आणि अठरावा एवढ्याच होलांना स्वतःचं वेगळं ग्रीन आहे.

बाकी ठिकाणी तर ज्याला जेवढी जागा तेवढे होल. लीथच्या ज्या मैदानासाठी १७४४ साली खेळाचे तेरा नियम लिहिले गेले, तिथे होल होते पाच. १८६० साली पहिली ओपन स्पर्धा झाली ती प्रेस्टविकला, बारा होलांच्या मैदानावर. आठ जण बाराच्या तीन फेऱ्या एका दिवसात खेळले आणि विली पार्क १७४ फटक्यांत जिंकला. म्हणजे गोल्फमधली सर्वांत जुनी मोठी स्पर्धा सुरू झाली तेव्हा तिचा अठराशी काही संबंधच नव्हता. सेंट अँड्र्यूजचा दबदबा वाढत गेला तसा तिथला आकडा इतरांनी उचलला, इतकंच.

आता खळ्या. ३३६ हा आकडा कुठल्याही नियमात नाही. नियम सांगतात की बॉलचं वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नको, व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नको, त्याचा वेग आणि पल्ला ठरवून दिलेल्या चाचणीत मर्यादेत बसला पाहिजे आणि तो कसाही ठेवून मारला तरी सारखाच उडाला पाहिजे. खळ्यांच्या संख्येबद्दल अवाक्षर नाही. बाजारातल्या बहुतेक बॉलवर तीनशे ते चारशेच्या दरम्यान खळ्या असतात, काहींवर त्याहून जास्त. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत आकडा वेगळा असतो. खात्री करायची तर एक बॉल घ्या, बारीक मार्कर घ्या आणि एकेक खळीवर टिंब देत चला. निवांत वेळ मात्र हवा.

कसाही ठेवला तरी सारखा उडावा, ही अट उगीच आलेली नाही. १९७०च्या दशकात पोलारा नावाचा एक बॉल निघाला. त्याच्या मधल्या पट्ट्यात नेहमीच्या खळ्या आणि दोन्ही बाजूंना उथळ. ठरावीक दिशेने ठेवून मारला की तो स्लाइस-हूक, म्हणजे हवेत उजवी-डावीकडे वळणं, स्वतःच आवरायचा. अमेरिकेच्या गोल्फ असोसिएशनने मग समरूपतेचा नियम आणला आणि तो बॉल स्पर्धांतून बाद केला. प्रकरण कोर्टात गेलं आणि तडजोडीपोटी असोसिएशनला पैसे मोजावे लागले. ३३६ च्या रटाळ आकड्यापेक्षा ही भानगड कितीतरी चविष्ट आहे, पण ती कुणी फॉरवर्ड करत नाही.

‘पकड’ हा तर निव्वळ गैरसमज. खळ्यांचं काम क्लबशी, म्हणजे मारायच्या काठीशी नाही, हवेशी आहे. आणि हे कुणी प्रयोगशाळेत शोधलेलं नाही, खेळाडूंना ते मैदानावर सापडलं. १८४८च्या सुमाराला गट्टापर्चाचे बॉल आले. हा मलायातल्या झाडांचा चीक. गरम पाण्यात मऊ होतो, हाताने वळता येतो, थंड झाला की टणक. त्याआधीचा बॉल म्हणजे पिसं ठासून भरलेली चामड्याची पिशवी: महाग, आणि भिजला की शिवण उसवणार. गट्टीचा बॉल स्वस्त, गोल, गुळगुळीत. पण कोरा करकरीत बॉल हवेत जेमतेम चढायचा आणि नाक खाली घालून पडायचा. तोच बॉल चार फेऱ्या खेळून, क्लबचे घाव खाऊन ओरखडलेला असला की छान उडायचा. हे ध्यानात आल्यावर कारागीर नवा बॉलच हातोडीने टोचून विकायला लागले. पुढे साच्यात बारीक पुटकुळ्या असलेले बॉल आले, आणि १९०५ साली इंग्लंडमधल्या विल्यम टेलरने पुटकुळ्यांच्या उलट, म्हणजे खळ्यांच्या पेटंटसाठी अर्ज केला.

आत घडतं ते असं. उडणाऱ्या बॉलला हवेचा एक पातळ थर बिलगून वाहतो. बॉल गुळगुळीत असला तर हा थर लवकर सुटतो आणि मागे भोवऱ्यांचा रुंद पट्टा तयार होतो. तो पट्टा बॉलला मागे ओढतो. खळ्या या थराला खवळवतात. खवळलेला थर बॉलच्या पाठीमागे आणखी थोडा चिकटून राहतो, मागचा पट्टा अरुंद होतो आणि हवेचा विरोध निम्म्यावर येतो. उलट्या फिरकीमुळे बॉलला जी वर उचल मिळते तीही खळ्यांमुळे नीट मिळते. एवढं सगळं करणारी खळी किती खोल? पाव मिलिमीटरच्या आसपास.

म्हणूनच चंद्राच्या मुद्द्याची मला जास्त गंमत वाटते. तिथे हवाच नाही, तेव्हा खळ्या असल्या काय नि नसल्या काय. फिरकीने बॉल वळणारही नाही. उजवीकडच्या झाडीत बॉल घालवणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी इतकं आदर्श मैदान दुसरं नाही.

फेब्रुवारी १९७१ मध्ये अपोलो १४ चा कमांडर अ‍ॅलन शेपर्डने मातीचे नमुने गोळा करायच्या अवजाराच्या दांड्याला सहा नंबरच्या आयर्नचं, म्हणजे मधल्या पल्ल्याच्या क्लबचं, डोकं बसवलं आणि दोन बॉल मारले. त्या अवजड पोशाखात दोन्ही हात दांड्यावर धरता येत नव्हते, म्हणून एका हाताने. पहिल्या प्रयत्नात बॉलपेक्षा धूळच जास्त उडाली. शेवटचा फटका बरा बसला आणि बॉल मैलोन्‌मैल गेल्याचं त्याने हसत हसत सांगून टाकलं. त्या गमतीच्या वाक्याला मेसेजवाल्यांनी मोजमाप करून टाकलं. २०२१ साली अँडी सॉन्डर्स या छायाचित्रतज्ज्ञाने मोहिमेच्या मूळ फिल्मवर काम करून दोन्ही बॉल शोधले आणि अंतर काढलं: पहिला २४ यार्ड, दुसरा ४० यार्ड. चाळीस यार्ड म्हणजे ग्रीनच्या कडेवरून मारलेली लांबशी चिप.

पण म्हणून शेपर्डला हसू नये. चंद्राचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश आणि हवेचा अडथळा शून्य. एखाद्या व्यावसायिक खेळाडूने मोकळ्या कपड्यांत, दोन्ही हातांनी तोच सहा नंबर मारला तर बॉल किलोमीटरभर जायला हरकत नाही. अडचण पोशाखाची होती. एकमेव खेळ म्हणाल तर तेही नाही. शेपर्डचा साथीदार एडगर मिचेलने त्याच वेळी एका उपकरणाची दांडी भाल्यासारखी फेकली. शेपर्डचा एक बॉल आणि मिचेलचा भाला आजही एकाच खळग्यात पडलेले आहेत. गोल्फवाल्यांनी अख्खा चंद्र आपल्या नावावर करण्याआधी भालाफेकवाल्यांना विचारलेलं बरं.

बायकांना मज्जाव होता, हे क्लबांच्या दारापुरतं खरं आहे. सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने स्त्रियांना सभासद करून घ्यायचा निर्णय घेतला तो २०१४ साली, हे वाचून आजही मान खाली जाते. खेळापुरतं मात्र खोटं. १८१० सालच्या मसलबरा क्लबच्या नोंदीत मासे विकणाऱ्या बायकांच्या गोल्फ स्पर्धेचं बक्षीस लिहिलेलं आहे, त्यात माशांची टोपली आणि शाल. आणि सेंट अँड्र्यूजलाच १८६७ पासून स्त्रियांचा स्वतंत्र गोल्फ क्लब आहे.

वेजच्या खाचांचं थोडक्यात सांगतो. कोरड्या, स्वच्छ जागेवरून मारलेल्या बॉलला फिरकी मिळते ती लॉफ्टमुळे, म्हणजे क्लबच्या चेहऱ्याच्या कलामुळे, आणि क्लबच्या पृष्ठभागाशी होणाऱ्या घर्षणामुळे. खाचांचं काम गाडीच्या टायरवरच्या नक्षीचं: मध्ये आलेलं पाणी आणि गवताचा रस बाजूला काढून देणं. रफमध्ये, म्हणजे उंच गवतात, त्यांची किंमत कळते, फेअरवेच्या आखूड गवतावर फारशी नाही. माती भरलेल्या खाचा घेऊन फिरणाऱ्याने कितीही महाग वेज आणला तरी तो टायर गुळगुळीतच.

राहिला ड्रायव्हर. मेसेजचं सगळं शेपूट याच मुद्द्यासाठी वळवळत असतं, असा माझा संशय आहे. क्लबचा चेहरा बॉलला किती उसळवू शकतो याला नियमाने मर्यादा आहे. ही उसळ ०.८३ पर्यंतच चालते, आणि चांगले ड्रायव्हर वीस-एक वर्षांपासून या मर्यादेला टेकलेले आहेत. डोक्याचा आकारही ४६० घन सेंटिमीटरवर थांबलेला आहे. डोक्याचं वजन साधारण २०० ग्रॅम धरा, बॉल ४६ ग्रॅमचा. १.८३ ला (एक अधिक उसळ) १.२३ ने (एक अधिक ४६ भागिले २००) भागा, उत्तर येतं १.४९. म्हणजे डोक्याचा वेग ताशी १०० मैल असेल तर मध्यावर बसलेल्या फटक्याने बॉल १४९ मैलांनी सुटतो. यंदाच्या मॉडेलनेही तेवढाच आणि पाच वर्षांपूर्वीच्यानेही. बॉल चेहऱ्याला टेकलेला असतो सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतका वेळ, त्यात नवा रंग काही जादू करत नाही.

सुधारणा झालीय ती चुकलेल्या फटक्यांत. वजन कडेला सरकवल्यामुळे टोकाला किंवा टाचेला बसलेला फटका पूर्वीइतका भरकटत नाही, आणि आपल्यासारख्यांना त्याचा खरोखर उपयोग होतो. जुना ड्रायव्हर तुमच्या स्विंगला अगदीच न मानवणारा असेल तर लॉफ्ट आणि शाफ्ट (दांडा) बदलून पल्ला वाढेलही. पण ते श्रेय मापाचं, मॉडेलचं नव्हे.

आयर्नमध्ये तर पल्ला चक्क नंबर बदलून वाढवला जातो (लॉफ्ट कमी, तितका पल्ला जास्त). पूर्वी सात नंबरचा लॉफ्ट ३५ अंशांच्या वर असायचा, आज अनेक सेटमध्ये तो ३० किंवा त्याहूनही कमी आहे. म्हणजे हातात क्लब जुन्या सहाचा किंवा पाचाचा, फक्त तळाला ७ कोरलेलं. ‘नव्या सातने पंधरा यार्ड लांब जातो’ ते असं. याच ओढाताणीत पिचिंग वेज ४४-४५ अंशांवर आला, सँड वेज मात्र पूर्वीच्याच जागी, ५५-५६ वर राहिला. मधल्या दहा-अकरा अंशांत मारायला हाताशी क्लबच नाही. मग दुकानदार ५० अंशांचा गॅप वेज पुढे करतो, आणि त्याचे पैसे वेगळे घेतो.