तरुण देत नाहीत, हे कशावरून ठरवलंत?

"आजकालची पोरं स्वतःपुरतं बघतात, देणारी पिढी आमचीच शेवटची." देणग्यांवर चालणाऱ्या सेवाभावी संस्थांच्या बैठकांत हे हमखास ऐकू येतं आणि पुरावा म्हणून देणगीदारांची यादी पुढे येते. साठीपुढचे भरपूर, पंचविशीतले मोजके. यादी खरी आहे, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष पटत नाही, आणि एका अख्ख्या पिढीवर तो शिक्का म्हणून मारला जातो याचा मला मनापासून राग येतो.

पासष्टीतल्या माणसाचं घराचं कर्ज बहुधा फिटलेलं असतं, मुलं मार्गी लागलेली असतात. पंचविशीतला भाडं भरून महिन्याची अखेर गाठत असतो. या दोघांना शेजारी उभं केलं तर वयातला फरक दिसेल, पिढीतला नाही. तुलना करायचीच तर आज पासष्टीत असलेल्यांनी स्वतःच्या पंचविशीत काय दिलं होतं, त्याच्याशी करा. तरीही गुंता पूर्ण सुटत नाही, कारण चालू वर्षातून वय वजा केलं की जन्मसाल येतं. वय, काळ आणि पिढी एकमेकांत अशी अडकलेली असतात, त्यामुळे फरक नेमका कशामुळे पडला हे वेगळं काढता येत नाही.

निदान त्याच त्या घरांना वर्षानुवर्षं विचारत राहिलं तर काही हाती लागतं. अमेरिकेत १९६८ पासून अशी एक पाहणी चालू आहे आणि २००१ पासून तिच्यात देणग्यांचेही प्रश्न आहेत. २००० साली सुमारे ६६ टक्के कुटुंबांनी देणगी दिली होती, २०१८ मध्ये ते प्रमाण ५० टक्क्यांच्या किंचित खाली आलं. मधे २००८ ची मंदी येऊन गेली, धर्मस्थळांशी लोकांचं नातंही सैल झालं. एवढी मोठी घसरण एकट्या तरुणांच्या माथी कशी मारता येईल?

शिवाय यादीत न येणारं देणं असतंच. नुकती नोकरी लागलेली मुलगी रात्री फोनवर कुणा अनोळखी बाळाच्या ऑपरेशनचं आवाहन वाचते, जमेल तेवढे पैसे पाठवते, मित्रांच्या ग्रुपवर टाकते, तिथले आणखी चौघे भर घालतात. पावती नाही, करसवलत नाही, वार्षिक अहवालात नाव नाही. २०१४ मध्ये 'आइस बकेट चॅलेंज' म्हणून, एएलएस या मज्जासंस्थेच्या आजारासाठी पैसे जमवायला, डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घेत व्हिडिओ टाकणाऱ्यांची खूप टिंगल झाली, पण त्या लाटेत अमेरिकेतल्या एकाच संस्थेकडे ११.५ कोटी डॉलर जमले.

मला खरी काळजी वेगळीच आहे. देण्याची सवय लवकर लागली तर टिकते, आणि संस्था मात्र मोठ्या रकमांच्या, मृत्युपत्रांच्या मागे असल्यामुळे छोट्या देणगीदाराकडे ढुंकून बघत नाहीत. पहिल्यांदा पैसे पाठवणाऱ्याला आभाराच्या दोन ओळीही येत नाहीत, येतात ते थेट आणखी मागणारे मेसेज. तो दुसऱ्यांदा का देईल? संस्था चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: महिन्याला अगदी किरकोळ रक्कम देता येईल अशी सोय ठेवा, ती कधीही थांबवता येऊ द्या आणि त्या पैशांचं काय झालं ते वर्षातून एकदा तरी कळवा.