तुम्ही मूळचे कोण?

गेल्या आठवड्यात ताईने भाचीचा बायोडेटा व्हॉट्सॲपवर पाठवला. शिक्षण, उंची, नोकरी, मंडळी (म्हणजे चर्च) कोणती, आणि शेवटी एक ओळ: ‘पूर्वीची जात’. आमच्या पणजोबांनी नगर जिल्ह्यातल्या महारवाड्यात बाप्तिस्मा घेतला, त्याला चार पिढ्या झाल्या. मी फोन केला तर ताई म्हणाली, “अरे, लोक विचारतातच. आधीच लिहिलेलं बरं.”

लोक म्हणजे आपणच ना, ताई? रविवारी प्रभूच्या मेजावर ज्यांच्याबरोबर भाकर मोडतो, तेच सोमवारी “तसे तुम्ही मूळचे कोण?” विचारतात. आमच्या लहानपणी महारवाड्यातून आलेले एका बाजूला बसायचे, मांगवाड्यातून आलेले दुसऱ्या बाजूला. कुणी सांगितलेलं नव्हतं, पण मोडायचंही कुणी नाही.

सरकारी फॉर्मवर जात लिहावी लागते, ती गोष्ट वेगळी. 1950 च्या आदेशाने दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या यादीबाहेर राहिले. पुढे 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्या यादीत आले, आपण अजून बाहेरच. तो हक्काचा लढा आहे आणि मी त्याच्या बाजूने आहे. पण सोयरिकीच्या कागदावर ती ओळ कोणत्या हक्कासाठी?

‘ख्रिस्ती’ हे नाव आपल्याला प्रथम मिळालं अंत्युखिया शहरात. बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’, अकरावा अध्याय. तोवर हे लोक यहूद्यांतलाच एक पंथ समजले जात. अंत्युखियात यहूदी आणि ग्रीक एकत्र आले, तेव्हा बाहेरच्यांना त्यांच्यासाठी नवा शब्द लागला असावा, असं मला वाटतं. तिथल्या पुढाऱ्यांची यादी तेराव्या अध्यायात आहे. कुप्र बेटावरचा बर्णबा, ज्याला ‘काळा’ म्हणत तो शिमोन, आफ्रिकेतल्या कुरेनेचा लूक्य, हेरोदाबरोबर वाढलेला मनाएन आणि तार्सचा शौल, म्हणजेच पौल. यांची कुठली आली एक जात?

आणि याच शहरात पंगतीवरून भांडण झालं. येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, जेवत होता. यरुशलेमेहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसं आल्यावर तो घाबरून पंगतीतून उठला. त्याच्या मागोमाग बर्णबासुद्धा. पौलाने पेत्राला सगळ्यांसमोर, तोंडावर सुनावलं. गलतीकरांच्या पत्रात हे वाचताना मला दरवेळी आमच्या गावचा लग्नमंडप दिसतो. पेत्राची श्रद्धा कमी नव्हती. त्याला नातेवाइकांची भीती होती. ताईलाही तीच आहे.

लक्ष्मीबाई टिळक आठवतात. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि संसार मोडला. लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांचं सोवळं सुटलं नव्हतं, चूल वेगळी होती. मग जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला, आणि कुणाच्याही हातचं खायचं ठरवलं. बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर, 1900 मध्ये. आधी पंगत, मग पाणी! आपल्यातल्या कित्येकांचा क्रम उलटा झालाय, आणि पंगत अजून यायचीच आहे.

टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्ताच्या अनुयायांचा मेळा सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. दार एवढं उघडं ठेवायला छाती लागते.

कुणाला आपली बोली, आपला गाव, आपली गाणी सोडायला लागू नयेत, हेही मी तितक्याच जोरात म्हणेन. वसईतले आपले भाऊबंद घरात सामवेदी बोलतात, आम्ही नगरी मराठी. ग्रीकांनी सुंता करून यहूदी व्हायला नको, हे यरुशलेमेच्या सभेने पहिल्याच शतकात ठरवलं. वेगळं असायला हरकत नव्हती. एका ताटाला बसायला नकार देण्याला होती.

काल भाचीशी बोललो. “मामा, मला विचारलंच नव्हतं कुणी,” म्हणाली. तिच्या सांगण्यावरून ती ओळ काढून बायोडेटा पुन्हा फॅमिली ग्रुपवर टाकलाय. ताईने वाचलाय, अजून उत्तर नाही. रविवारी उपासनेला भेटू तेव्हा मी तिच्याच शेजारी बसणार आहे.