इतिहासाशी खेळायला हरकत कसली?

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. आमच्या शाळेच्या ग्रुपवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. त्यात एका मित्राने सुचवलं की गडाच्या पायथ्याच्या गावात वर्षातून काही दिवस त्या काळचा बाजार भरवावा. लोकांनी तसे कपडे घालून यावं, लोहार, कुंभार, कोष्टी यांना काम करताना बघावं, संध्याकाळी मर्दानी खेळ व्हावेत. दुसऱ्याने ते तिथेच उडवून लावलं. "इतिहास म्हणजे पोरखेळ नाही. फॅन्सी ड्रेस करायचा तर अमेरिकेत करा." शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं, कारण मेरीलँडच्या रेनेसाँ फेअरमधले, म्हणजे जुन्या काळचे वेश घालून भरवलेल्या जत्रेतले, माझे फोटो ग्रुपवर सगळ्यांनी पाहिले होते.

त्याला थोडक्यात उत्तर देणं जमलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

अ‍ॅनापोलिसजवळ क्राउन्सव्हिल नावाचं गाव आहे. तिथल्या झाडीत सोळाव्या शतकातलं एक इंग्लिश खेडं कायमचं बांधून ठेवलंय. ही जत्रा १९७७ साली सुरू झाली आणि १९८५ पासून याच जागेवर भरते, ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत दर शनिवार-रविवारी. राजा आठवा हेन्री. दरवर्षी त्याच्या कारकिर्दीची गोष्ट थोडी पुढे सरकते, राण्या बदलतात, आणि नेहमी येणाऱ्या लोकांना यंदा कोण डोकं गमावणार हे आधीच ठाऊक असतं. मैदानात चिलखत घातलेले स्वार भाले रोखून एकमेकांवर घोडे घालतात. भालायुद्ध हा मेरीलँडचा १९६२ पासूनचा अधिकृत राज्य खेळ आहे, त्यामुळे इथल्या प्रेक्षकांना त्यातलं बरंच कळतं. दिवसाच्या शेवटी मद्यालयापाशी सगळे जमून गातात. कुणाचा सूर लागतो, कुणाचा नाही, पण गातात सगळेच.

अमेरिकेत या जत्रा सुरू केल्या त्या एका शिक्षिकेने. फिलिस पॅटरसन लॉस एंजेलिसमध्ये मुलांना नाटक शिकवायच्या. घरामागच्या अंगणात मुलं जुन्या इटालियन पद्धतीची सोंगं काढून प्रयोग करत. त्यातूनच १९६३ च्या मे महिन्यात त्यांनी आणि त्यांचे पती रॉन यांनी पहिली जत्रा भरवली, श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या केपीएफके या रेडिओ केंद्राला पैसे उभे करून देण्यासाठी. म्हणजे हिचं मूळच मुलांच्या खेळात आहे. त्या खेळात मोठ्यांना सामील करून घेतलं, एवढंच. आज देशभर ठिकठिकाणी अशा जत्रा भरतात. त्यांच्यामुळे कारागिरांची घरं चालतात, आणि काही जणांनी तर सबंध आयुष्य एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत जाण्यात काढलंय.

मी तिथे पुन्हा पुन्हा जाते ती मात्र माणसांसाठी. माझी तिथली सगळ्यात जवळची मैत्रीण माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी, निवृत्त नर्स. ओळख झाली ती शिवणामुळे. त्या काळच्या चोळीला पुढून नाडीने आवळायची भोकं असतात. मी बाजारातून धातूच्या कड्या आणून ठोकल्या होत्या. ते बघून ती मला एका बाकावर घेऊन बसली. कापड कापायचं नाही, आरीचं टोक हळूहळू फिरवत धागे बाजूला सारायचे. धागा तुटला नाही की भोक फाटत नाही. मग मेणावरून ओढलेल्या दोऱ्याने कडेने गोल टाके घालायचे. तिसऱ्या भोकापर्यंत माझ्या लक्षात आलं की हा आईचा काजटाकाच आहे, नगरच्या घरात उन्हाळ्याच्या सुट्टीत बळेबळे शिकवलेला. मग मी तिला आईसारखी शेवटची गाठ आतून दडवून दाखवली. पुढच्या आठवड्यात मी नऊवारी नेसून गेले, तर ही बाई जमिनीवर बसून काष्टा कसा जातो ते चारही बाजूंनी बघत होती.

तिचं मत कुणाला जातं हे मला कितीतरी नंतर कळलं. तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा मी वरण-भात घेऊन तिच्या घरी गेले आणि अंगणात लावलेला फलक पाहिला. त्या उमेदवाराचं नाव ऐकलं तरी माझं डोकं फिरतं. पण तोवर मैत्री इतकी मुरली होती की फलकाने ती हलली नाही. आम्ही त्यावर भांडतोही, आणि चांगलं कडाक्याचं भांडतो. माझे बाबा गेले तेव्हा तिकीट मिळेपर्यंतची रात्र ती माझ्या स्वयंपाकघरात बसून होती.

आमच्या टोळक्यात असे बरेच आहेत. लोहाराच्या भात्यापाशी उभा असतो तो आठवडाभर विमा कंपनीत काम करतो. पण हे मला त्याची ओळख झाल्यावर पुढच्या मोसमात कळलं, कारण तिथे कुणी कुणाला हुद्दा विचारत नाही. जो तो स्वतःला घेतलेलं नाव लावून येतो आणि लोक त्याच नावाने हाक मारतात. इथल्या मराठी घरांमधून मला खूप माया मिळाली आहे, गणपतीला मोदक वळायला मी दरवर्षी जाते. तरी नवीन माणूस आला की आडनाव, गाव, नोकरी, व्हिसा या क्रमाने चौकशी होतेच. आडनावावरून काय जोखायचं असतं ते आपण सगळे जाणतो. जत्रेत पहिला प्रश्न असतो, "हे तू स्वतः शिवलंस?" चाळिशी उलटल्यावर मैत्री होत नाही असं म्हणतात. होते, पण त्यासाठी हाताला काम आणि एकत्र घालवायला वेळ लागतो, आणि मोठ्या माणसांना या दोन्ही गोष्टी देणाऱ्या जागा फार थोड्या उरल्यात.

आता ग्रुपवरच्या मित्राच्या बाजूने बोलते, कारण त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. अमेरिकनांना हा खेळ सोपा जातो. हेन्री त्यांचा नव्हे, समुद्रापारचा आणि पाचशे वर्षांपूर्वीचा. त्याने दोन राण्यांची डोकी उडवली, मठ लुटले, पण त्याच्यासाठी आज कुणी रस्त्यावर उतरत नाही. आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून नागपूर पेटलं. आपला इतिहास अजून थंड झालेला नाही. शिवाय जत्रेतल्या इतिहासातून बऱ्याच गोष्टी सोयीने गळल्या आहेत. हेन्रीच्या मुलीच्या, एलिझाबेथच्या काळात जॉन हॉकिन्स आफ्रिकेतून गुलाम नेऊन विकत होता, ते त्या खेड्यात दिसत नाही. तिनेच १६०० साली ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली, आणि मी नऊवारी नेसून तिच्या बापाच्या दरबाराला टाळ्या देते. हा विचार माझ्या मनात दर मोसमात येतो. तरीही मी जाते, कारण तिथे जमलेल्यांपैकी कुणीही त्या राजाच्या नावाने दुसऱ्याला दटावायला आलेलं नसतं.

पण खेळाने इतिहासाचा अपमान होतो हे मला मुळीच मान्य नाही. दिवाळीत पोरं मातीचे किल्ले करतात, बुरुजावर मावळे उभे करतात, तो खेळच असतो, आणि किल्ल्याला चोरदिंडी का असते हे माझ्या पिढीतल्या अनेकांना त्या चिखलातच पहिल्यांदा कळलं. कोल्हापूरचे आखाडे दांडपट्टा फिरवतात म्हणून तो जिवंत आहे. संत एकनाथ तर पैठणच्या ब्राह्मण घरातले, आणि त्यांच्या भारुडांत महार बोलतो, जोशी बोलतो, वाघ्या बोलतो, गारुडी बोलतो. दुसऱ्याच्या तोंडाने बोलून बघण्याची एवढी मोठी परंपरा आपल्याकडे आहे. एकनाथांचा काळही तोच, सोळावं शतक. मग मोठ्या माणसांनी वेश घातला की तेवढाच पोरखेळ कसा?

माझं म्हणणं एवढंच आहे की सुरुवात गडापाशी नको. गडांवर आधीच गर्दी आहे, तिथला प्रत्येक दगड सांभाळायचा आहे, आणि महाराजांची भूमिका कुणी घ्यायची यावरच पहिल्या बैठकीत डोकी फुटतील. सुरुवात आमच्या नगरला करावी. १५९५ च्या अखेरीला अकबराचा मुलगा मुराद वेढा घालून बसला, सुरुंगाने तट फुटला आणि चांदबीबी स्वतः उभी राहून ते खिंडार बुजवत होती. गावाबाहेरच्या डोंगरावरच्या वास्तूला आम्ही सगळे चांदबीबीचा महाल म्हणतो, प्रत्यक्षात ती सलाबतखानाची कबर आहे. निजामशाहीच्या त्या शहरात दख्खनी मुसलमान होते, हबशी होते, इराणी होते, मराठे सरदार होते. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजी निजामशाहीच्याच चाकरीत होते. कागद बनवणारे, विणकर, तोफा ओतणारे, भारुडं गाणारे, सगळ्यांना त्या बाजारात जागा आहे. आजच्या एकाही पक्षाला तो बाजार सबंध आपला म्हणता येणार नाही, आणि मला तो हवा आहे तो नेमका त्यासाठी.

एक अट मात्र मी घालेन. कोण कोण होणार हे आडनावावरून ठरता कामा नये. कोष्ट्याची मुलगी दरबारात बसेल, देशपांड्यांचा मुलगा चामडं कमावायला बसेल, आणि चांदबीबी जिला व्हायचं असेल ती होईल. तालीम महिनाभर आधी सुरू करायची, कपडे ज्याचे त्याने शिवायचे. मेरीलँडमधली सगळी मैत्री मला त्या शिवणाच्या महिन्यांतच मिळाली आहे.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. नाही म्हणणाऱ्या मित्राचं अजून नाहीच आहे. ज्याने सुचवलं होतं त्याला मी नगरमधल्या मोकळ्या मैदानांचं दोन दिवसांचं भाडं काय पडेल याची चौकशी करायला लावली आहे.