‘फौजीला बाहेर फक्त गार्डची नोकरी’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. शब्द बदलतात, मुद्दे तेच राहतात. फौजेत बंदूक चालवण्यापलीकडे काही शिकवत नाहीत. पंधरा-सतरा वर्षं घालवूनही माणूस दहावीचा दहावीच राहतो. मिलिटरीचा परवाना आणि सर्टिफिकेट सिव्हिलमध्ये कोणी विचारत नाही. जाताना जो कोर्स देतात तो निव्वळ दिखावा. म्हणून शेवटी एटीएमबाहेर खुर्ची टाकून बसायचं. खाली ‘कटू पण सत्य’ आणि जोडलेल्या हातांची चित्रं.

पुढे ढकलणारे बहुधा कळवळ्यानेच ढकलतात. पण वाचणाऱ्यांत पेन्शनला दोन वर्षं उरलेला हवालदारही असतो, आणि कागद गोळा करण्यात काही अर्थ नाही असं तो मनाशी ठरवून टाकतो. तिन्ही दलांतून दरवर्षी साठ हजारांच्या आसपास माणसं बाहेर पडतात, त्यांतली बहुतेक पस्तीस ते पंचेचाळीस या वयातली. पुढे वीसेक वर्षं कमवायचं असतं. त्यामुळे मेसेजमधलं काय खोटं आणि काय खरं, हे एकेक करून बघायला हवं. खरंही आहे त्यात, ते पुढे येईलच.

‘बंदुकीपलीकडे काही शिकवत नाहीत.’ खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर तुकडीतून, निघालेला ओईएम (खोदाईची यंत्रं चालवणाऱ्या) ट्रेडचा जवान एक्स्कॅव्हेटर आणि डोझर चालवतो. त्याच्याच पलटणीत सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन असतात. ईएमईचा, म्हणजे लष्कराची वाहनं-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या विभागाचा, व्हेईकल मेकॅनिक इंजिन उतरवून पुन्हा बसवतो. नौदलाचा खलाशी लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत जहाजाची यंत्रं शिकतो. हे सगळं माहीत नसलेला माणूसच ‘बंदुकीपलीकडे’ म्हणू शकतो.

पण इन्फंट्रीतला जीडी, म्हणजे कुठला खास ट्रेड नसलेला जनरल ड्यूटीचा जवान? त्याच्याबाबतीत मेसेज लिहिणाऱ्याला खात्री असते, आणि दुर्दैवाने खुद्द जवानालाही. सीक्यूएमएच, म्हणजे कंपनीचं सामान सांभाळणारा कंपनी क्वार्टरमास्टर, झालेल्या हवालदाराचं उदाहरण घ्या. शंभरावर माणसांचे कपडे, अंथरूण-पांघरूण, रेशन, इतर सामान हे सगळं त्याच्या सहीवर असतं. लेजर, इश्यू व्हाउचर, दरवर्षीची मोजणी, नादुरुस्त मालाची वेगळी नोंद. शिल्लक जुळली नाही तर चौकशी बसते. चाकण किंवा भिवंडीतल्या गोदामाचा स्टोअर सुपरवायझर यापेक्षा वेगळं काय करतो? फक्त हे काम तो संगणकावर करतो, आणि तेवढं शिकायला काही आठवडे लागतात. पण आपल्या माणसाच्या अर्जात काय असतं? ‘हवालदार, अमुक बटालियन, १७ वर्षे सेवा, चारित्र्य अनुकरणीय.’ एचआरमध्ये बसलेल्या पंचवीस वर्षांच्या मुलीला त्यातून काय कळणार? तिचा दोष नाही. किती माणसं हाताखाली होती, किती सामानाचा हिशेब होता, कोणते कोर्स कोणत्या ग्रेडने केले, हे नेहमीच्या भाषेत लिहिलं नाही तर ती त्याला गार्डच्याच यादीत टाकते.

‘पंधरा वर्षं झाली तरी दहावीच.’ हे चूक आहे, आणि या चुकीने अनेकांचे अर्ज भरायचे राहिले आहेत. माजी सैनिकांच्या केंद्रीय सेवेतल्या पुनर्नियुक्तीचे नियम १९७९ चे आहेत. त्यांत अशी तरतूद आहे की दहावी पास आणि किमान १५ वर्षं सेवा झालेल्या माजी सैनिकाला गट ‘क’ मधल्या राखीव जागेसाठी, पदवीची अट असली तरी, पात्र धरता येतं. सरकारी बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या क्लार्क भरतीत दहावीबरोबर इंडियन आर्मी स्पेशल सर्टिफिकेट ऑफ एज्युकेशन किंवा नौदल-हवाई दलाचं तत्सम प्रमाणपत्र आणि १५ वर्षं सेवा असलेल्यांना अर्ज करता येतो. आपल्या राज्याच्या गट ‘क’च्या जाहिरातींतही याच अर्थाचं कलम आढळतं. बारीक अक्षरात असतं, म्हणून जाहिरात शेवटच्या पानापर्यंत वाचावी.

आता याची मर्यादा. ज्या पदाला तांत्रिक किंवा व्यावसायिक कामाचा अनुभव आवश्यक धरला आहे, तिथे ही सवलत लागत नाही. खाजगी कंपनीला ती मान्य करण्याचं बंधन नाही. तिथे बायोडेटात नुसतं ‘ग्रॅज्युएट’ लिहून गेलेला माणूस मार्कशीट मागितल्यावर अडकतो आणि खोटारडा ठरतो. खाजगीत जायचं असेल तर खरी पदवीच हवी. इग्नू हे केंद्राचं मुक्त विद्यापीठ आहे, नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. सेवेच्या शेवटच्या चार-पाच वर्षांत ती पदवी होते. पीस पोस्टिंग (सीमेपासून दूर, शांत ठिकाणची नेमणूक) मिळालं की पहिलं काम हे करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘मिलिटरीचा परवाना बाहेर चालत नाही.’ हे अर्धसत्य मला सगळ्यात जास्त खटकतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८ खाली दिलेल्या या परवान्यावर केंद्र सरकारच्या मालकीची किंवा ताब्यातलीच वाहनं चालवता येतात, हे खरं. तो खिशात ठेवून खाजगी ट्रकवर बसता येत नाही. पण त्याच कायद्याचं कलम ९ कोणी वाचत नाही. ज्या प्रकारच्या वाहनासाठी कलम १८ खालचा परवाना तुमच्याकडे आहे किंवा होता, त्या प्रकारच्या वाहनासाठी आरटीओत नवी चाचणी देण्याची गरज नाही, असं तिथे लिहिलं आहे. अर्ज, वैद्यकीय प्रमाणपत्र, फी हे सगळं लागतं, पण चाचणीतून सूट आहे. खर्दुंग-ला आणि झोजी-लावरून ताफ्यात अवजड गाडी नेलेल्या माणसाला पुन्हा आठचा आकडा काढून दाखवायला लावणारा एजंट भेटला, तर त्याला हे कलम दाखवावं. त्यापुढे जाऊन पेट्रोल-गॅसचे टँकर चालवायचे असतील तर धोकादायक मालाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि परवान्यावर तशी नोंद लागते. तीन दिवसांचा खर्च आहे, आणि त्यानंतरचा पगार साध्या ट्रकपेक्षा बरा असतो.

सर्टिफिकेटांचं काय? इथे एकच नियम सगळीकडे लागत नाही, आणि गोंधळ होतो तो याच कारणाने. प्रत्येक धंद्याचं दार वेगळ्या खात्याच्या हातात आहे. मेकॅनिक, फिटर, वेल्डर यांना त्या कामाचा अनुभव दाखवून खाजगी उमेदवार म्हणून अखिल भारतीय ट्रेड टेस्टला बसण्याची सोय आहे. पास झाल्यावर मिळतं ते आयटीआयवाल्याचंच राष्ट्रीय प्रमाणपत्र. आरपीएल (आधी शिकलेल्याला मान्यता) या नावाने जे दोन-चार दिवसांचं मूल्यमापन होतं, त्याचा कागद याच्या तोडीचा समजू नये. नौदलाच्या लोकांसाठी नौवहन महासंचालनालयाने २०२० मध्ये मर्चंट नेव्हीत जाण्याचा मार्ग आखून दिला. त्यात समुद्रावरचा काळ आणि झालेलं प्रशिक्षण जमेस धरतात, आणि खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय एसटीसीडब्ल्यू करारानुसार उरलेले कोर्स व परीक्षा पूर्ण कराव्या लागतात. हवाई दलाच्या तंत्रज्ञाला नागरी विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएचा एएमई, म्हणजे विमान देखभाल अभियंत्याचा, परवाना हवा असेल तर परीक्षा द्याव्या लागतात. लढाऊ विमानांवरचा अनुभव धरतात, पण नागरी विमानांवरचा काही काळही लागतो.

आणि इथे मेसेज बरोबर आहे: आर्मी मेडिकल कोअरचा नर्सिंग असिस्टंट. फील्ड हॉस्पिटलमध्ये जखमींना हाताळलेला, वीस वर्षं वॉर्ड सांभाळलेला हा माणूस महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नर्स म्हणून नोंदणी मागायला गेला तर अनुभव मोजला जात नाही. भारतीय परिचर्या परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रमच लागतो. रुग्णाच्या सुरक्षेसाठी नियम कडक हवेत, मान्य. पण त्याने शिकलेलं किती जुळतं हे तपासून उरलेल्या भागापुरता छोटा अभ्यासक्रम का नसावा, याचं पटणारं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

‘कोर्स म्हणजे दिखावा.’ डीजीआर, म्हणजे पुनर्वसन महासंचालनालय, जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) आणि जवानांच्या, निवृत्तीआधी मिळणाऱ्या रिसेटलमेंट कोर्सची पूर्ण फी भरतं. अधिकाऱ्यांना फीचा काही वाटा स्वतः द्यावा लागतो. आयआयएमसारख्या संस्थांतले कोर्सही त्यात येतात. दिखावा कोर्सात नसतो, निवडीत असतो. ‘घराजवळ कुठला आहे?’ एवढाच प्रश्न विचारून कोर्स घेतला, तो काळ रजेसारखा घालवला, लग्नकार्यं उरकली, की हातात कागद येतो आणि उपयोग शून्य. यात बटालियनमधल्या जुन्या लोकांच्या सल्ल्याचाही वाटा आहे. सल्ला देणारा स्वतः तसंच करून आलेला असतो.

गार्डच्या नोकरीबद्दल थोडक्यात. ती कमी प्रतीची आहे असं मी म्हणणार नाही. पण तिथेही अनुभवाला कागदावर किंमत आहे. २००५ च्या खाजगी सुरक्षा एजन्सी कायद्यात माजी सैनिकांना प्राधान्य आहे. नवख्याला १०० तास वर्गातलं आणि ६० तास मैदानावरचं प्रशिक्षण लागतं, तर माजी सैनिकाला ४० आणि १६ तासांचं पुरतं. सुपरवायझर नेमतानाही सैन्यातल्या किमान तीन वर्षांच्या अनुभवाला झुकतं माप आहे. सुभेदार असूनही गेटवर रजिस्टर लिहिणाऱ्याने निदान सुपरवायझरच्या जागेचा अर्ज करावा.

याच मेसेजखाली एक उलटी प्रतिक्रिया हमखास येते: ‘रडता काय, आरक्षण आहे की.’ आहे. केंद्रात गट ‘क’ मध्ये १० टक्के, सार्वजनिक उपक्रमांत आणि बँकांत गट ‘क’ मध्ये १४.५ टक्के, महाराष्ट्रात १५ टक्के समांतर (प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आतलं) आरक्षण. पण परीक्षा द्यावीच लागते, किमान गुण घ्यावेच लागतात, आणि पात्र उमेदवार मिळाले नाहीत की जागा इतरांकडे जातात. पंधरा वर्षं गणिताच्या पुस्तकाला हात न लावलेल्याला नुसती टक्केवारी ऐकवून उपयोग नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवणं ही पहिली पायरी, तीही अनेकांनी चढलेली नसते.

राहिले अग्निवीर, म्हणजे चार वर्षांसाठी भरती झालेले जवान. मेसेजच्या नव्या आवृत्तीत त्यांची भर पडली आहे: ‘चार वर्षं आणि हात कोरे.’ पहिली तुकडी २०२२-२३ च्या हिवाळ्यात प्रशिक्षणाला गेली, म्हणजे तिची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून भरू लागतात. त्यांच्यापैकी जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होणार. इग्नूच्या त्यांच्यासाठीच्या पदवीत निम्मी क्रेडिट सेवेतल्या प्रशिक्षणाची आणि निम्मी विद्यापीठाच्या विषयांची. दहावीवर गेलेल्यांना एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून बारावी करता येते. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या मुलांना वर सांगितलेल्या १५ वर्षांच्या नियमाचा आधार कधीच मिळणार नाही, त्यामुळे इतरांना राखीव जागांसाठी जी पदवी जास्तीची आहे ती यांना लागणारच आहे. घरून फोन जातो तेव्हा पगार जमा झाला का हे विचारतातच. इग्नूत नाव घातलं का, कोणत्या विषयांची क्रेडिट जमा झाली, हेही त्याच फोनवर विचारता येईल.