बॅलास्टची वही खरी लिहिणाऱ्याचे हाल

सकाळी जहाजांच्या बॅलास्ट पाण्याबद्दलच्या कुणाच्या तरी पोस्टखाली एक कमेंट वाचली : "समुद्राचं पाणी समुद्रातच सोडतात ना? मग त्यात कसलं डोंबलाचं प्रदूषण! तेल सांडलं तर बोला." खाली लाइकचा पाऊस.

तेल सांडलं की दिसतं, वास येतो, फोटो निघतात. गोळा करता येतं आणि उरलेलं हळूहळू विरतं. बॅलास्टच्या पाण्यातून आलेला जीव विरत नाही, त्याची पिलावळ वाढते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : माल उतरला की जहाज हलकं होऊन वर येतं, प्रोपेलर उघडा पडू लागतो, सांगाड्यावर भलतीकडे ताण येतो. म्हणून माल उतरत असतानाच टाक्यांमध्ये बंदरातलं पाणी भरायचं आणि पुढच्या बंदरात माल चढताना ते बाहेर सोडायचं. हेच बॅलास्ट. मोठ्या बल्क कॅरियरवर (कोळसा, धान्य असा सुटा माल वाहणाऱ्या जहाजावर) हे पाणी ५०,००० टनांच्या पुढे जातं. त्यात अळ्या, अंडी, शेवाळ, जिवाणू आणि गाळ असं सगळंच असतं.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला निमिऑप्सिस नावाचा, जेलीफिशसारखा दिसणारा पण जेलीफिश नसलेला जीव अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरून काळ्या समुद्रात पोचला. तो माशांची अंडी, अळ्या आणि त्यांचं खाद्यही फस्त करतो. त्याला जोडीदारही लागत नाही, एकटा जीव पुरतो. दशक संपता संपता तिथली अँकोव्ही या छोट्या माशाची मासेमारी कोसळली. बेसुमार मासेमारी आणि नद्यांतून येणारं खतांचं पाणी हीही कारणं होती, मान्य. १९९७ मध्ये या जीवाला खाणारा बेरोई नावाचा दुसरा जीव तिथे दिसला आणि जरा उसंत मिळाली. कुणी योजून आणला नव्हता, नशीब. पुढे १९९९ मध्ये निमिऑप्सिस व्होल्गा-डॉन कालव्याच्या वाटेने कॅस्पियनमध्येही सापडला. काळ्या समुद्राभोवतीच्या सगळ्या देशांनी आपापले कायदे कितीही कडक केले असते तरी काय उपयोग? पाणी भरलं दुसऱ्या खंडात, सोडलं इथे आणि जहाजावर झेंडा तिसऱ्याचाच.

म्हणून २००४ चा बॅलास्ट पाण्याचा आंतरराष्ट्रीय करार मला बाकीच्या गोडगोड जाहीरनाम्यांपेक्षा जवळचा वाटतो. यात मोजता येणारे आकडे आहेत. पहिली पायरी पाणी बदलण्याची : किनाऱ्यापासून २०० सागरी मैल आणि २०० मीटर खोलीवर (अगदीच जमत नसेल तर ५० मैलांवर, खोली तीच) टाकीतलं ९५ टक्के पाणी बदलायचं, किंवा टाकीच्या तिप्पट पाणी तिच्यातून वाहून काढायचं. यात तळाचा गाळ जागचा हलत नाही आणि भरसमुद्रात टाक्या रिकाम्या करणं म्हणजे जहाजाच्या तोलाशी खेळ. २००६ मध्ये कूगर एस हे मोटारवाहू जहाज उत्तर पॅसिफिकमध्ये हेच करताना ६० अंशांच्या आसपास कललं होतं. म्हणून दुसरी पायरी, शुद्धीकरणाची. बाहेर सोडलेल्या पाण्यात ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि त्याहून मोठे जगू शकणारे जीव घनमीटरमागे १० पेक्षा कमी हवेत, १० ते ५० मायक्रॉनमधले मिलीलिटरमागे १० पेक्षा कमी. दर १०० मिलीलिटरला ई. कोलाय २५० च्या आत, एंटरोकोकाय १०० च्या आत आणि पटकीचा जिवाणू १ च्याही आत. यंत्रणा बसवल्यावर नमुने घेऊन चाचणी करणं १ जून २०२२ पासून सक्तीचं झालं.

आता माझा राग कशावर आहे ते सांगतो. ओळखीतल्या एका चीफ ऑफिसरचा (जहाजावर कप्तानाच्या खालोखालचा अधिकारी) किस्सा आहे, तो सोडून मला या विषयावर बोलताच येत नाही.

नदीच्या मुखावरचं बंदर, पाणी चहासारखं. किनाऱ्यावरच्या क्रेन माल उपसतायत आणि त्याच वेगाने याला बॅलास्ट घ्यायचंय. जहाजावर फिल्टर आणि यूव्हीची, म्हणजे अतिनील किरणांनी जीव मारणारी, यंत्रणा. फिल्टरची जाळी ४०-५० मायक्रॉनची असते, ती गाळाने भरली की दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक वाढतो आणि यंत्र आपोआप उलटा प्रवाह मारून जाळी धुतं. पाणी फारच गढूळ असेल तर धुणंच चालू राहतं, टाकीत थेंब जात नाही. जे पाणी पुढे जातं त्यातून यूव्हीचे किरण आरपार जात नाहीत, म्हणून यंत्र प्रवाह कमी करतं आणि शेवटी अलार्म देऊन बंद पडतं. इकडे क्रेन थांबत नाहीत. जहाज वर उचललं जातंय, ताणाचे आकडे लाल रेषेकडे चाललेत. त्याने टर्मिनलला वेग कमी करायला सांगितलं, तर हातात निषेधाचं पत्र.

"मग क्लोरीनवाली यंत्रणा घ्यायची," असं कुणीतरी म्हणणारच. ती मिठातून क्लोरीन बनवते. नदीच्या गोड पाण्यात मीठ कुठून आणणार? जहाजाच्या अगदी मागच्या टोकाच्या टाकीत खारं पाणी साठवून न्यावं लागतं. गार पाण्यात इलेक्ट्रोडची ताकद घटते, तापवावं लागतं. हायड्रोजन निघतो, तो पंख्याने बाहेर काढावा लागतो. शिवाय पाणी सोडताना उरलेला क्लोरीन थायोसल्फेटसारखं रसायन घालून मारावा लागतो, बहुतेक मंजुऱ्यांत मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम. रसायन संपलं किंवा सेन्सर चुकीचा दाखवायला लागला की तीच तारांबळ. सगळीकडे चालणारं यंत्र अजून कुणी बनवलेलं नाही, ही एवढी साधी गोष्ट.

शेवटी त्याने दोन टाक्यांसाठी बायपास उघडला, म्हणजे कच्चं पाणी थेट आत. बॅलास्टच्या वहीत बायपास सुरू झाल्याची आणि बंद झाल्याची वेळ, ठिकाण, कारण, सगळं लिहिलं. पुढच्या बंदराला आधी कळवलं. खोल समुद्रात गेल्यावर त्या टाक्या रिकाम्या करून, यंत्रणेतून नीट गेलेलं पाणी पुन्हा भरलं. २०२४ मध्ये अशा अवघड पाण्यासाठी जे अंतरिम मार्गदर्शन आलं, त्यात थोडक्यात हेच आहे : आधी प्रवाह कमी करा, फिल्टर साफ करा, वाट पाहा; बायपास अगदी शेवटचा; नंतर टाकी आणि पाइप स्वच्छ करून घ्या आणि सगळं लिहा.

पुढच्या बंदरात निरीक्षक चढला, वही उघडली, बायपासची नोंद दिसली आणि याला पिळून काढलं. कागद पुन्हा तपासले, अलार्मची यादी मागितली, नमुन्यांची भाषा सुरू झाली, जहाज खोळंबलं. आदल्या बंदरातून त्याच गाळातून निघालेलं दुसरं जहाज, ज्याच्या वहीत एक ओरखडा नव्हता, ते माल भरून निघूनही गेलं. त्याच पाण्यात त्याचा फिल्टर एकदाही तुंबला नाही म्हणे!

आता बोला.

निरीक्षकावर मी सगळा राग काढणार नाही. त्याच्याकडे वेळ थोडा असतो. पद्धत पायऱ्यांची आहे : आधी प्रमाणपत्र, योजना आणि वही, मग यंत्रणा चालवून पाहणं, मग हातातल्या उपकरणाने झटपट चाचणी आणि संशय पक्का झाला तरच प्रयोगशाळा. मोठ्या जिवांसाठी निदान एक घनमीटर पाणी गाळून, जिवंत जीव मरायच्या आत मोजावे लागतात. अशी सोय फार थोड्या बंदरांत आहे. मग उरते वही, आणि वहीत पकडला जातो तो खरं लिहिणाराच.

देश एकत्र आले, टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. करार २००४ चा, पण लागू झाला ८ सप्टेंबर २०१७ ला, कारण किमान ३० देश आणि जगातल्या व्यापारी जहाजांच्या ३५ टक्के टनभाराची अट पुरी व्हायला तेवढी वर्षं गेली. सगळ्या जहाजांवर शुद्धीकरणाचं मानक येता येता ८ सप्टेंबर २०२४ उजाडला. अमेरिका तर करारात नाहीच, तिचे नियम वेगळे. (ते ढिले मात्र नाहीत, हे कबूल करतो.) खर्च जहाजाचा, वही जहाजाची, दंड जहाजाचा. ज्या बंदराचं पाणी यंत्राला पेलत नाही आणि जे बंदर वेग कमी करू देत नाही, त्याच्या अंगाला काहीच लागत नाही. हे कसलं सहकार्य?

जहाज कंपन्या साध्याभोळ्या आहेत असं माझं म्हणणं नाही. स्वस्तातलं यंत्र घ्यायचं, सुटे फिल्टर द्यायचे नाहीत, यूव्हीचे दिवे तास भरले तरी बदलायचे नाहीत आणि वर खलाशांना म्हणायचं, "सांभाळून घ्या." असले मालक भरपूर आहेत. पण त्या रात्री डेकवर उभा असलेला माणूस मालक नव्हता.

माझं मागणं फार नाही. प्रत्येक बंदराने आपल्या पाण्याचा गढूळपणा, खारटपणा आणि तापमान ऋतूनुसार जाहीर करावं, म्हणजे चीफ ऑफिसरला येण्याआधीच ठरवता येईल की बाहेरूनच थोडं स्वच्छ बॅलास्ट घेऊन आत शिरायचं का. माल उतरवण्याचा वेग ठरवताना यंत्रणेची क्षमता टर्मिनलच्या करारात लिहिली जावी. जिथे गाळ बारमाही आहे तिथे बायपासची नोंद नसलेल्या वहीकडे निरीक्षकाने आधी वळावं आणि यंत्राच्या स्वतःच्या लॉगशी ती ताडून पाहावी. बायपासचा व्हॉल्व्ह कधी उघडला हे कंट्रोल युनिट तारीख-वेळेसकट साठवून ठेवतं. ती यादी मागायला प्रयोगशाळा लागत नाही, दहा मिनिटं लागतात.